आधी काटा, मग पाटा: लांबच्या प्रवासाच्या ओझ्यासाठी फोर बाय फोरचं सस्पेन्शन

स्वतःची गाडी घेऊन स्पिती, लडाख किंवा कच्छच्या रणाकडे निघणाऱ्यांची तयारी हल्ली साधारण एकाच क्रमाने होते. टपावर तंबू चढतो, आत फ्रिज आणि ड्रॉवर बसतात, मागे पाण्याचे आणि डिझेलचे कॅन लागतात. मग एके दिवशी गाडी मागून बसलेली दिसते आणि कुणीतरी सांगतं, “दोन इंचाचं लिफ्ट किट टाक, काम होईल.” गाडी उंच होते, रुबाबदार दिसते. पण मनालीच्या पुढे पहिल्याच खराब टप्प्यात मागचा एक्सल (चाकांचा आख) बंप स्टॉपवर, म्हणजे त्याला वर जाण्यापासून थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, धाडधाड आदळायला लागतो. उंची वाढवणं वेगळं आणि ओझं पेलणं वेगळं.

इथे आपण ओझं पेलण्याबद्दलच बोलणार आहोत. उदाहरणं आपल्याकडच्या गाड्यांची घेतो: मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या पिकअप, म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स, आणि मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार, जिम्नी वगैरे. एक गोष्ट सुरुवातीपासून डोक्यात असू द्या. पुणे ते मनाली अंतर सुमारे २००० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन बहुतेक प्रवास डांबरी महामार्गावर, ताशी ८०-१०० च्या वेगाने होणार. दगडधोंड्यांचा भाग त्यामानाने थोडा, पण सस्पेन्शनची खरी परीक्षा तिथेच. गाडी दोन्हीकडे ताब्यात राहिली पाहिजे.

ओझ्याची यादी

दुकानात जाण्याआधी घरी बसून यादी करा. समजा चार माणसं आहेत, मिळून ३०० किलो. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. डिझेल लिटरला साधारण ८३० ते ८४० ग्रॅम भरतं, त्यामुळे २० लिटरचा भरलेला कॅन डब्यासकट २१ किलोच्या आसपास. टपावरचा तंबू ६०, त्याखालचा रॅक ३०, फ्रिज आतल्या सामानासह ३०, दुसरी बॅटरी २५, लाकडी किंवा लोखंडी ड्रॉवर ६०, दोर, शॅकल, कॉम्प्रेसर आणि हत्यारं ३५, स्वयंपाकाचं सामान २५, बॅगा ६०, मागचा लोखंडी बंपर ५०. बेरीज ७३६ किलो. मोठ्या एसयूव्हीलाही एवढं झेपेलच असं नाही, आणि यात एकही चैनीची वस्तू नाही.

आता आरसीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन पाहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. तीत माणसंही धरलेली असतात, हे बरेच जण विसरतात. स्प्रिंग कितीही जाड टाकली तरी ही मर्यादा वाढत नाही, कारण ती ठरवताना कंपनीने ब्रेक, एक्सल, बेअरिंग, चॅसी आणि टायर सगळं धरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात प्रमाणित सस्पेन्शन किट बसवून, अभियंत्याच्या प्रमाणपत्राने कागदोपत्री मर्यादा वाढवता येते. तिथे राहणाऱ्यांनी त्या मार्गाने जरूर जावं. आपल्याकडे मात्र किट बदललं म्हणून आरसीवरचा आकडा बदलत नाही. तेव्हा बेरीज मर्यादेपलीकडे जात असेल, तर पहिली सुधारणा म्हणजे सामान कमी करणं.

कायद्याचंही इथेच उरकून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. बुल बार काढला की पुढच्या एक्सलवरचं बरंच ओझं आपोआप उतरतं. सस्पेन्शनचे भाग बदलण्याआधी वॉरंटी आणि विमा या दोन्हींबाबत लेखी विचारून घ्या.

काट्यावर गाडी

यादीवर विसंबून स्प्रिंग मागवू नका. गाडी प्रवासाला निघताना भरता तशी पूर्ण भरा, माणसं बसवा, टाकी भरा आणि वजनकाट्यावर न्या. महामार्गालगत, बाजार समितीजवळ, उसाच्या पट्ट्यात तर जागोजागी काटे असतात. तीन वजनं घ्यायची: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पुढच्या-मागच्या वजनांची बेरीज पूर्ण वजनाशी जवळपास जुळली पाहिजे. ट्रकसाठीचे काटे साधारण ५-१० किलोच्या टप्प्यात वजन दाखवतात, एवढा फरक चालतो. असंच एकदा रिकाम्या गाडीचंही करा. पावत्या जपून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यांवरच होणार आहेत.

मागचं वजन पाहून बहुतेकांना धक्का बसतो. त्यामागचं गणित बैलगाडी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं: ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते, पुढची बाजू उचलली जाते. फॉर्च्युनरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २७४५ मिमी आहे. मागच्या एक्सलच्या १.१ मीटर मागे तुम्ही ५० किलो टांगलंत, तर मागच्या एक्सलवर ५० नाही, ७० किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरून २० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ढिलं वाटतं, जोरात ब्रेक मारल्यावर पकड कमी पडते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून मागच्या दारावर कॅनची रांग लावणं मला मुळीच पटत नाही. पाणी आणि जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकून, जमिनीलगत ठेवा. टपावर फक्त हलकं. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीत रॅकचं वजनही धरायचं असतं.

पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं. सामान ६०-७० किलोंनी घटलं, जड वस्तू एक्सलच्या पुढे आल्या, की गाडी सरळ उभी राहते आणि शॉक, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं आवरणारे शॉक अब्सॉर्बर, बदलणं पुरेसं ठरतं.

चार कोपऱ्यांची उंची

सपाट जागी गाडी उभी करा, टायरची हवा नेमकी ठेवा. चाकाच्या केंद्रापासून बरोबर वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या झिजेने आकडा बदलतो. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, असे दोन संच लिहून ठेवा. भरल्यावर मागची बाजू किती मिलिमीटर बसली, हे तुमच्या हातातलं सर्वांत उपयोगी माप आहे. खाली वाकून बंप स्टॉप आणि एक्सल यांच्यात किती जागा उरली, तेही मोजा.

हा आकडा स्प्रिंगच्या कडकपणाशी कसा जोडलेला आहे ते पाहा. समजा मागच्या प्रत्येक स्प्रिंगचा कडकपणा ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि मागच्या एक्सलवर ३०० किलो वाढले. प्रत्येक स्प्रिंगवर १५० किलो, म्हणजे सुमारे १४७० न्यूटन. गाडी ४२ मिमी बसेल. स्प्रिंग ५० न्यूटनची असेल तर २९ मिमी. रिकाम्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी जागा असेल, तर पहिल्या गाडीकडे खड्डा झेलायला ३८ मिमी उरले आणि दुसरीकडे ५१. स्पितीच्या वाटेवर ग्रामफूवरून बातलकडे जाताना लागणाऱ्या दगडी पात्रांत हे १३ मिलिमीटर अनमोल असतात.

स्प्रिंग निवडताना

चांगल्या कंपन्या एकाच गाडीसाठी तीन-चार प्रकारच्या स्प्रिंग देतात: मूळ वजनासाठी, कायम २०० किलोच्या आसपास जादा, कायम ३००-४०० किलो जादा, आणि पूर्ण भरलेली. इथे ‘कायम’ हा शब्द महत्त्वाचा. ड्रॉवर, बंपर, दुसरी बॅटरी या वस्तू गाडीत वर्षभर असतील, तर त्यांचं वजन कायमचं. माणसं, पाणी, बॅगा ही वर्षातून दोनदा येणारी पाहुणी. स्प्रिंग कायमच्या वजनावर, थोडी जास्तीची सोय ठेवून निवडा. पूर्ण ओझ्यासाठी निवडलेली स्प्रिंग वर्षाचे अकरा महिने रिकाम्या गाडीत उड्या मारेल, ओल्या घाटात मागचं चाक वळणावर टप्पे खात सरकेल. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हा धोका खरा आहे.

पाट्यांच्या गाडीत तीन वाटा आहेत. पहिली, गावातल्या कमान-पाटेवाल्याकडे जुन्या संचात एक पाटा वाढवणं. काम स्वस्त आहे आणि नीट केलं तर वाईट नाही. मात्र जाडी सांभाळून: पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ७ मिमीऐवजी ८ मिमीचा पाटा जवळजवळ दीडपट कडक असतो. “जाड टाक, टिकेल” हे सल्ले इथेच फसतात. दुसरी वाट, जुने पाटे ठोकून त्यांची कमान वाढवणं. याने उंची मिळते, पण थकलेलं पोलाद पुन्हा बसतं. लांबच्या प्रवासाआधी हे करू नका. तिसरी, पूर्ण नवीन संच. त्यात खालचा हेल्पर पाटा ओझं आल्यावरच टेकतो, त्यामुळे रिकामी गाडी मऊ राहते. खर्च झेपत असेल तर हीच वाट धरा.

कॉइलमध्ये तारेच्या जाडीचा परिणाम आणखी तीव्र असतो, चौथ्या घाताने. तार १४ वरून १५ मिमी झाली, बाकी माप तेच राहिलं, तर स्प्रिंग सुमारे ३२ टक्के कडक होते. म्हणून डोळ्यांनी बघून ‘जाड दिसते’ एवढ्यावर घेऊ नका. कडकपणाचा आकडा आणि कोणत्या वजनासाठी बनवली आहे, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा.

आता आपल्याकडे सर्रास चालणारे काही झटपट उपाय. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबर ऑनलाइन ढिगाने मिळतात. ते एखाद-दुसरं वेटोळं काम करण्यापासून रोखतात, म्हणजे उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो आणि खाली-वर होण्याची वाट कमी होते. ओझ्यासाठी मी ते कधीही सुचवणार नाही. स्प्रिंगवरचे स्पेसर गाडी उचलतात, पण स्प्रिंग तीच राहते, ओझं पेलण्यात काडीचाही फरक पडत नाही.

हवेच्या पिशव्या मात्र वेगळ्या. फॉर्च्युनरसारख्या गाडीत कॉइलच्या आत बसणाऱ्या पिशव्या अधूनमधून येणाऱ्या १००-१५० किलोंसाठी खरोखर उपयोगी आहेत. रिकाम्या गाडीत हवा कमी, भरल्यावर जास्त. कंपनीने दिलेल्या किमान आणि कमाल दाबाच्या आतच राहा. पाट्यांच्या पिकअपमध्ये हाच उपाय घातक ठरू शकतो. पाट्याचं ओझं चॅसीवर दोन टोकांना, हँगर आणि शॅकल या पाटा चॅसीला जोडणाऱ्या भागांपाशी, वाटलेलं असतं. पिशवी ते मधोमध, एक्सलच्या वर एका जागी आणते. मागे जड सामान, त्यामागे ओढायची ट्रॉली आणि वर खराब रस्ता असं जुळून आलं, तर चॅसी तिथेच वाकते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात वाकलेल्या पिकअपची ही ओळखीची कहाणी आहे.

पुढच्या बाजूची घाई करू नका. बॉनेटखाली दुसरी बॅटरी किंवा पुढे विंच नसेल, तर पुढची मूळ स्प्रिंग बहुधा पुरते. पुढची बाजू नुसती दिसण्यासाठी उचलली, की स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, चाकाला वरून धरणाऱ्या अपर आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जातो. ४० मिमीच्या पुढे जायचं असेल तर बदली अपर आर्मचा विचार करावा लागतो, आणि माझ्या मते प्रवासी गाडीला त्याची गरज नाही.

शॉकची निवड

स्प्रिंग ओझं पेलते, शॉक तिला आवरतो. स्प्रिंग ४० टक्के कडक झाली आणि गाडीचं वजन २० टक्के वाढलं, तर तेवढ्याच ताब्यासाठी शॉकचा रोध सुमारे ३० टक्के वाढवावा लागतो. जुना शॉक तसाच ठेवला, तर महामार्गावरच्या उंचवट्यावरून गाडी उतरल्यावर दोन-तीनदा डुलते. मागे बसलेल्यांना उलटीची भावना होते ती यामुळेच. म्हणून स्प्रिंग आणि शॉक एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी जुळवलेले घ्या.

पत्र्यासारख्या नालीदार कच्च्या रस्त्यावर शॉक सेकंदाला कित्येकदा आत-बाहेर होतो आणि तेल तापतं. साध्या ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकमध्ये तेलात हवेचे बुडबुडे मिसळले की रोध अचानक मावळतो. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकमध्ये) वायू आणि तेल वेगळे राहतात, उष्णता थेट बाहेरच्या नळीतून जाते. पण बाहेरची नळी दगडाने चेपली तर पिस्टन अडकतो. मोठ्या व्यासाचे, फोम-सेल (वायूच्या जागी फोम) असलेले ट्विन-ट्यूब हा मधला मार्ग. आपल्याकडच्या दगडी रस्त्यांसाठी मला तो जास्त भरवशाचा वाटतो. कोणताही घ्या, दोन मापं तपासा: शॉक पूर्ण दबण्याआधी एक्सल बंप स्टॉपला टेकला पाहिजे, आणि गाडी उचलल्यावर चाक लोंबकळताना ब्रेकचा होज किंवा एबीएसची वायर ताणता कामा नये.

बसवताना

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकची जोडी) उघडायचा असेल तर ते काम स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपलाच द्या. दाबलेली कॉइल सुटली तर जीव जाऊ शकतो. मागचे पाटे अनुभवी मित्र आणि नीट साधनं असतील तर घरी बदलता येतात. तरी क्रम पाळा.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडथळे लावा. चॅसी जॅकवर नाही, स्टँडवर टेकवा. एक्सलखाली वेगळा जॅक लावा. आधी शॉकचा खालचा बोल्ट, मग पाटा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट, मग एक्सल हळूहळू खाली. हँडब्रेकची केबल, ब्रीदर नळी, एबीएसची वायर यांच्यावर सतत नजर ठेवा. नवा पाटा हँगर आणि शॅकलमध्ये सध्या हातानेच आवळा, पाट्यांचा संच एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खाचेत बरोबर बसलंय हे पाहा, आणि यू-बोल्ट नवेच वापरा. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. ते एकाआड एक, थोडेथोडे, पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा.

यानंतरची गोष्ट आपल्याकडच्या घाईत हमखास राहते. हँगर-शॅकलच्या किंवा कॉइलच्या गाडीतल्या लिंकच्या (एक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. बुशातलं रबर ज्या स्थितीत आवळाल ती त्याची विश्रांतीची जागा ठरते. गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे हलवा, शक्य असेल तर नेहमीचं वजन ठेवा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून हे करून घ्या.

बसवल्यानंतरची जुळवणी

चाकांचं अलाइनमेंट नेहमीचं कायमचं वजन ठेवून करा, आणि छापील अहवालात कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे कललेला कोन, पाहा. तो कमी झाला असेल तर महामार्गावर गाडी सरळ धरून राहणार नाही. फॉर्च्युनर आणि जिम्नीसारख्या, एक्सल आडवा सरकू नये म्हणून आडवा लॅटरल रॉड असलेल्या गाड्यांत मागची उंची बदलली की एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. दोन्ही चाकं फेंडरच्या आत सारखी आहेत का मोजा. स्कॉर्पिओ-एनमध्ये वॉट्स लिंकेज (एक्सल मधोमध ठेवणारी दांड्यांची जोडणी) असल्याने हा प्रश्न येत नाही.

काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून एका छोट्या दांड्याने जोडलेला ब्रेकचा झडप असतो. मागची बाजू बसली की त्याला कळतं गाडी भरली आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही नव्या पाट्यांनी मागची बाजू उचललीत, की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. तुमच्या गाडीत असा दांडा असेल तर तो पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय घाटात जाऊ नका. हेडलाइटही रात्री भिंतीसमोर उभं राहून खाली आणा.

टायरवरचा लोड इंडेक्स वाचा: ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. काट्यावरच्या मागच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा हा आकडा पुरेसा जास्त हवा. भरलेल्या गाडीला महामार्गावर दारावरच्या पट्टीवर पूर्ण ओझ्यासाठी दिलेला दाब ठेवा.

चाचणी

निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी पूर्ण भरलेली गाडी घेऊन दोनशे-तीनशे किलोमीटर फिरा. पुणेकरांनी ताम्हिणी किंवा वरंध घाट करावा, त्यात खराब डांबर, वळणं, उतार आणि गतिरोधक सगळं मिळतं. एकदा खराब टप्पा संपला की थांबून चारही शॉकना हात लावा, जपून, कारण ते तापलेले असतात. एक थंड आणि बाकी गरम असेल तर थंड शॉक काम करत नाही. बंप स्टॉपवर ताजे ठसे किती, ते पाहा. अधूनमधून टेकणं ठीक, पण प्रत्येक गतिरोधकावर टेकत असेल तर स्प्रिंग कमी पडते किंवा सामान जास्त आहे. यू-बोल्ट साधारण १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० ला टॉर्क रेंचने तपासा.

उतारावर इंजिन ब्रेकिंग आणि खालचा गिअर वापरायची सवय याच चाचणीत लावून घ्या. नव्या स्प्रिंगमुळे गाडी भरलेली असूनही हलकी वाटते, पण ब्रेक तेच आहेत.

वाटेत

अटल बोगदा ओलांडून ग्रामफूकडे वळलात की टायरची हवा थोडी सोडा आणि वेग कमी करा. शॉक तापण्याचं प्रमाण वेगाशी थेट बांधलेलं आहे. रोज मुक्कामी पोचल्यावर पाच मिनिटं गाडीखाली बॅटरी मारा. शॉकवर धुळीने माखलेलं ओलं तेल, बोल्टभोवती चमकणारा घासलेला धातू, पाट्यांवर आडवी भेग, सरकलेला सेंटर बोल्ट, एवढंच बघायचं. सोबत एक सेंटर बोल्ट, एका बाजूचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि मागचा एक शॉक ठेवा. पाटा तुटला तर दोन क्लॅम्पने बांधून हळू चालवत मनाली किंवा लेहपर्यंत नेता येतो. तिथे ट्रकचे पाटे करणारे कारागीर मिळतात.

घरी परतल्यावर गाडी रिकामी करून चार कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजा आणि पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. नव्या स्प्रिंग पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये ५ ते १० मिमी बसतात, ते साहजिक आहे. एकच कोपरा त्याहून जास्त बसला असेल, तर त्या बाजूचा पाटा किंवा कॉइल वॉरंटीत बदलून मागा, आणि सोबत काट्याच्या पावत्या दाखवा.